वाघजाईची वाट आणि कोथरूडचा फ्लॅट

पत्र : आम्ही दोघं निवृत्त. मी 62 वर्षांची, हे 66. मुळशी तालुक्यात, पौडच्या पुढे, एका गेटेड प्लॉटिंग प्रकल्पात 2019 मध्ये 12 गुंठ्यांचा एनए (बिनशेती) प्लॉट घेतला. 2023 मध्ये बंगला उभा राहिला. एकूण 38 प्लॉट आहेत, घरं चौदा आणि कायम राहणारी कुटुंबं फक्त पाच. आता यांना कोथरूडचा फ्लॅट विकून कायमचं तिकडे जायचंय. मला तिथली हवा, झाडं, अंगण सगळं आवडतं, पण ‘कायमचं’ म्हटलं की पोटात गोळा येतो. मुलगा म्हणतो, ‘‘आई, लोक अशा घरासाठी तरसतात.’’ मला गाडी चालवता येत नाही.

त्यात एक नवीन भानगड झाली आहे. प्रकल्पाच्या मधून गावची जुनी पाऊलवाट जाते. वरच्या वाघजाईच्या देवळाकडे आणि पलीकडच्या वाडीकडे. पाण्याची एक मोटार चोरीला गेली, तेव्हापासून कमिटीने ही वाट भिंत घालून बंद करायचा ठराव पुढे आणलाय. नवरात्रात गेटवर एका म्हाताऱ्या बाईंना रजिस्टरमध्ये नोंद करायला लावली. त्यांच्या हातात नारळ होता. ‘कुणाकडे जायचं आहे’ या रकान्यात वॉचमनने ‘देवी’ असं लिहिलं आणि त्यांचा अंगठा घेतला. मला फार ओशाळल्यासारखं झालं. हे म्हणतात, आपण नवीन आहोत, बहुमताबरोबर जाऊ. मी काय करू?

– मुळशीकर होऊ की नको?

ताई,

फ्लॅट विकू नका. निदान एक अख्खा पावसाळा तिथे काढल्याशिवाय तर नाहीच नाही.

पावसाळा म्हणजे जुलैतला हिरवागार रविवार, कांदाभजी आणि व्हॉट्सॲपवर टाकलेले धबधब्याचे फोटो, एवढंच तुम्ही आतापर्यंत बघितलं असणार. पुणे शहरात वर्षभरात जेमतेम सातआठशे मिलिमीटर पाऊस पडतो. चांदणी चौक ओलांडून तुम्ही पश्चिमेला जसजशा जाता तसतसा तो वाढत जातो आणि ताम्हिणीला पाच हजारांच्या वर पोचतो. तुमचं घर या दोन टोकांच्या मध्ये कुठे तरी आहे. तिथे जुलै-ऑगस्टमध्ये चार-चार दिवस ऊन दिसत नाही. झाड पडून वीज जाते, वीज गेली की मोटार बंद, मोटार बंद म्हणजे वरची टाकी संध्याकाळपर्यंत रिकामी. दुसऱ्या दिवशी इन्व्हर्टर मान टाकतो, मग मोबाईलची रेंज जाते. कपाटातल्या रेशमी साड्यांना बुरशी, मिठाच्या बरणीत पाणी, उंबऱ्याशी गांडुळं आणि गोगलगायी. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. कित्येकांना याच दिवसांचं वेड लागतं. प्रश्न एवढाच की तुम्ही त्या कित्येकांपैकी आहात का, आणि हे सांगणारी व्यक्ती तुम्ही स्वतः असायला हवी, तुमचा मुलगा नव्हे.

म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात सामान हलवा आणि दसऱ्यापर्यंत सलग तिथे राहा. मधूनमधून कोथरूडला ‘जरा चक्कर’ टाकायची नाही. टाकली तर परीक्षा बाद. फ्लॅट रिकामा राहू द्यायला जीव कासावीस होत असेल तर अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सने द्या, करार मात्र नोंदवा, तो नोंदणं महाराष्ट्रात बंधनकारक आहे. भाड्याच्या पैशात तिकडचा मेंटेनन्स आणि माळ्याचा पगार निघेल.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट, जी यजमानांना बँकेच्या भाषेत सांगितली तर पटकन कळेल. घर विकून झालेला भांडवली नफा दुसऱ्या घरात गुंतवला तर करात सवलत मिळते, पण तिला मुदती आहेत. घर विकत घेणार असाल तर विक्रीच्या आधीचं 1 वर्ष किंवा नंतरची 2 वर्षं, बांधणार असाल तर विक्रीनंतरची 3 वर्षं. तुमचा बंगला तर 2023 मध्येच बांधून झालाय. म्हणजे फ्लॅट विकल्यावर ‘पैसे बंगल्यात गेले’ म्हणून सवलत मागाल आणि ती मिळणार नाही, असं होऊ शकतं. आधी सीएकडे जा, मग एजंटकडे. बहुतेक घरांत हा क्रम उलटा असतो.

आता गाडी. तुमच्या पत्रात हे वाक्य शेवटी शेवटी, लाजत लाजत आल्यासारखं आलंय. मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. कोथरूडला तुम्ही खाली उतरलात की रिक्षा आहे, बस आहे, वाणी आहे, मैत्रीण तीन इमारती सोडून आहे. तिकडे गेटपासून मुख्य रस्ताच दीड-दोन किलोमीटर असेल. म्हणजे भाजीला, दातांच्या डॉक्टरकडे, भिशीला, कुठेही जायचं तर ‘अहो, जरा सोडता का?’ लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर रोज चार वेळा हे विचारायची पाळी आली की चांगल्या चांगल्या संसारात खटके उडतात. आणि यजमानांना बरं नसेल त्या रात्री काय? ग्रामीण रुग्णालय पौडला आहे, 108 ची रुग्णवाहिका येते, पण गेटवरून तुमचं घर शोधत येईपर्यंतचा वेळ मोजून बघा. मोठं काही झालं तर पुण्यालाच जायचं, आणि पिरंगुट ते भूगाव हा पट्टा संध्याकाळी कसा तुंबतो हे तुम्हाला मी सांगायला नको. बासष्टाव्या वर्षी ड्रायव्हिंग शिकता येतं. ऑटोमॅटिक गाडी घ्या आणि आधी प्रकल्पाच्या आतल्या रिकाम्या रस्त्यांवर सराव करा, त्या मोठ्या मोठ्या रस्त्यांचा तेवढा तरी उपयोग होऊ दे. हे जमलं नाही, तर कायमचं जाण्याबद्दलचं माझं उत्तर ‘नको’ असं आहे.

पाहुण्यांचं तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण मी ओळखते. दर शनिवारी कुणी ना कुणी ‘फार्महाऊसवर येतोय’ म्हणतं. यजमान झोपाळ्यावर बसून त्यांना आंब्याची कलमं दाखवतात आणि आठ माणसांची पिठलं-भाकरी तुमच्याकडे. सकाळी चहाचे तीन राऊंड. रविवारी रात्री चादरी मशीनला. यजमानांचं तिथलं आयुष्य निवृत्तीनंतरचं आहे. तुमचं आयुष्य म्हणजे नवी नोकरी आहे, बिनपगारी. त्यामुळे ‘कायमचं जाऊ या का’ ही चर्चा करण्याआधी ‘तिथे स्वयंपाक कोण करणार आणि महिन्यातले किती शनिवार आपले’ ही चर्चा करा. जेवायला बसल्यावर नको. कागद-पेन घेऊन बसा.

इथपर्यंतचं सगळं तुम्हाला एखाद्या शहाण्या बहिणीनेही सांगितलं असतं. खरी गोम त्या पाऊलवाटेत आहे. तुम्ही ती ‘त्यात एक नवीन भानगड’ म्हणून लिहिलीत, पण माझ्या मते तुमचे दोन्ही प्रश्न एकच आहेत. कायमचं राहायचं म्हणजे गावात राहायचं. गेटच्या आत 38 प्लॉट आहेत, पण माणसं पाच घरांत. बुधवारी दुपारी तुम्हाला चक्कर आली तर धावून येणारा माणूस बहुधा त्याच वाटेने येणारा असेल. तीच वाट तुम्ही भिंत घालून बंद करणार.

आधी कायदा बघू, कारण कमिटीत भावनेने बोललात तर ‘ताई फार हळव्या आहेत’ म्हणून हसतील. प्लॉटधारकांनी बहुमताने ठराव केला म्हणून वहिवाटीची वाट बंद करता येत नाही. लोक एखादी वाट 20 वर्षं उघडपणे, हक्काने, अखंड वापरत असतील तर 1882 च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे त्यांचा तिच्यावर हक्क तयार होतो. जमीन कुणाच्या का नावावर असेना. शिवाय मामलेदार न्यायालय कायदा 1906 सालचा आहे आणि आजही चालतो. रस्त्याला अडथळा केला की 6 महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दावा लावता येतो आणि तहसीलदार जागेवर येऊन अडथळा काढायचा हुकूम देऊ शकतात. म्हणजे तुमची कमिटी लाखभर रुपयांची भिंत घालणार, गाव पौडला जाऊन एक अर्ज देणार आणि ती भिंत तुमच्याच खर्चाने पडणार. मधल्या काळात टँकरवाला येणार नाही, कामवाली येणार नाही, गटाराची जेसीबी येणार नाही. हे मी धमकी म्हणून लिहीत नाही, असं कितीतरी ठिकाणी होतं.

त्यामुळे ठरावावर हात वर करण्याआधी तीन कागद बघा. पहिला, गाव नकाशा. तो भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. त्यावर गाडीरस्ता तुटक दुहेरी रेषेने आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखवलेला असतो. तुमची वाट जर नकाशावर तुटक रेषेत दिसली तर वाद तिथेच संपला. पायमार्गाची रुंदी पूर्वापार सव्वा आठ फूट धरतात, हेही लक्षात ठेवा. दुसरा कागद म्हणजे तुमच्या प्रकल्पाचं मंजूर रेखांकन. विकासकाने मंजुरी घेताना ती वाट दाखवली होती की गुपचूप खाऊन टाकली, ते त्यावर कळेल. तिसरा, बिनशेती परवानगीचा आदेश. त्याच्या अटी कुणीच वाचत नाही. अस्तित्वातल्या वहिवाटीला अडथळा करायचा नाही, अशी अट त्यात पुष्कळदा असते. तुमच्या आदेशात असेल तर त्या ओळीखाली पिवळी रेघ मारून बैठकीला घेऊन जा.

नकाशावर वाट नसली तरी लगेच हुरळून जाऊ नका. पुष्कळ जुन्या वाटा कागदावर कधी आल्याच नाहीत, वीस वर्षांचा वापर तरीही मोजला जातो.

आता कायदा बाजूला ठेवते. मुळशीत जमीन या विषयाची आठवण फार लांबची आहे. टाटांच्या धरणासाठी जमिनी जाणार म्हणून 1921 मध्ये इथल्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. धरण झालंच. गावं पाण्याखाली गेली, पाणी सह्याद्रीतून खाली भिऱ्याला वीज करायला गेलं. त्यांची पणतवंडं आज तुमच्या गेटवरून जातात. त्यानंतरच्या पिढीने जमिनी विकल्या, काही राजीखुशीने, काही मधल्या दलालांच्या भावात. तुमच्या प्लॉटचे जुने सात-बारा आणि फेरफार मागे मागे वाचत जा. मूळ खातेदाराचं आडनाव सापडेल. ते आडनाव तुम्हाला गावात ऐकू येईल आणि कदाचित तुमच्या माळ्याचंच असेल. तुम्ही काही चूक केलेली नाही, पैसे मोजून, रीतसर खरेदीखत करून घेतलंय. पण ज्याच्या आजोबांनी त्या मातीत आंबेमोहोर लावला त्याला रजिस्टरमध्ये ‘येण्याचं कारण’ लिहायला सांगताना थोडी जीभ अडखळायला हवी. तुमची अडखळली. कमिटीतल्या बाकीच्यांचीही अडखळत असेल, पण पहिलं कुणी बोलायचं म्हणून गप्प असतील.

चोरीचं म्हणाल तर मोटार चोरणारा माणूस देवळाच्या वाटेने दिवसाढवळ्या नारळ घेऊन येत नाही. वाटेवर दोन सौर दिवे आणि एक कॅमेरा लावा, मोटारीला लोखंडी पिंजरा करा. त्याहून चांगला उपाय : एजन्सीचा वॉचमन बदला. तो दर चार महिन्यांनी नवा येतो, त्याला गावातलं कुणी ओळखत नाही, म्हणून तो सगळ्यांचाच अंगठा घेतो. गावातली दोन मुलं पगारी ठेवलीत तर कोण कुठला हे त्यांना रजिस्टरशिवाय कळेल. आणि वाटेच्या दोन्ही बाजूंनी जाळी घाला; म्हणजे वाट वाटेच्या जागी आणि तुमचे प्लॉट तुमच्या जागी. गावाला सरळ वर जाता आलं तर त्यांना तुमच्या लॉनमध्ये काडीचा रस नाही.

पाण्याबद्दलही हेच. एवढा पाऊस पडूनही मार्चनंतर त्या पट्ट्यात टँकर लागतो, कारण काळ्या पाषाणात पाणी साठतं ते फक्त भेगांत आणि मुरमाच्या थरात; बाकी सगळं ओढ्याने वाहून जातं. एका प्लॉटला दीडशे फुटांवर पाणी लागतं आणि शेजारी चारशे फूट गेलं तरी नुसता धुरळा. चौदा घरं झाली तेव्हा चौदा बोअर झाल्या असतील. अडतीस होतील तेव्हा गावच्या विहिरीचं काय होईल, हा विचार गाव करतंय, तुम्हीही करा. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही, हे कमिटीत कुणाला माहीत आहे का ते विचारा. छतावरचं पाणी साठवा. 12 गुंठे म्हणजे 13,068 चौरस फूट जागा आहे, मोठी टाकी कुठेही मावेल. लॉनऐवजी देशी झाडं लावा. हिरव्या लॉनला एप्रिलमध्ये पाणी मारताना बाहेरून जाणाऱ्या बाईच्या डोक्यावर हंडा असेल, तर कुठलीही कमिटी गावाशी सलोखा करू शकणार नाही.

कमिटी, कमिटी म्हणताय, पण ती आहे तरी कोण? नोंदलेली संस्था आहे की व्हॉट्सॲपचा ग्रुप? प्रकल्प महारेरात, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाकडे, नोंदलेला असेल तर प्लॉटधारकांची संस्था स्थापन व्हायला मदत करणं आणि रस्ते, क्लब हाऊस, मोकळी जागा असा सामाईक भाग तिच्या नावे करून देणं ही विकासकाची जबाबदारी आहे. ते झालेलं नसेल तर ज्या रस्त्यावर तुम्ही भिंत घालताय तो रस्ताच अजून तुमचा नाही. मग भिंतीचा ठराव कसला? आधी ताबा आणि हिशेब मागा. हा मुद्दा बैठकीत मांडलात की चर्चेची गाडी आपोआप वळेल, आणि तुम्हाला कुणी हळवं म्हणणार नाही.

यजमानांबद्दल. ‘आपण नवीन आहोत, बहुमताबरोबर जाऊ’ हे भल्या माणसाचं वाक्य आहे, पण बहुमत कुणाचं? पाच घरं कायमची, बाकीचे महिन्यातून एकदा येणारे. भिंतीचा त्रास त्यांना सोसायचा नाही, तुम्हाला सोसायचाय. हेच यजमानांना विचारा, भांडणाच्या सुरात नको, सकाळी पहिल्या चहाला विचारा. कायमचं जायचं असेल तर मतदार यादीत नावंही तिकडे न्यायला तयार आहेत का, तेही विचारा. घरपट्टी ग्रामपंचायतीला भरायची आणि मत कोथरूडला द्यायचं, असं किती दिवस? यादीत नाव आलं की ग्रामसभेत बसता येतं, कचरागाडी मागता येते, रस्त्याचे दिवे मागता येतात. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा असते. पहिल्या वेळी नुसत्या जाऊन मागे बसा. यादीवरून ते जर चाचरले, तर त्यांनाही मनातून ‘कायमचं’ नकोच आहे, असं समजा. मग फ्लॅट ठेवून सहा महिने इथे, सहा महिने तिथे ही वाटणी दोघांना मानवेल. त्यात काही कमीपणा नाही.

आणि पौडला भूमी अभिलेखाच्या कार्यालयात नकाशाच्या नकलेचा अर्ज याच आठवड्यात द्या. नक्कल हातात पडायला वेळ लागतो. तोवर ठराव पुढच्या बैठकीपर्यंत तहकूब ठेवा, अशी दोन ओळींची लेखी विनंती सेक्रेटरींना करा आणि पोच घ्या.